गुलाबभाऊंची हार्ड डिस्क

बाहेरून जोडायची हार्ड डिस्क कोणती घ्यावी, असं विचारायला अजूनही लोक माझ्याकडे येतात. वर्ध्यात माझं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं, त्यामुळे ही बाई यंत्रांतली, असा समज आहे. मी कंपनीचं नाव सांगत नाही. उलट विचारते : पडली तर काय कराल? लाइट गेली तर चालेल का? बिघडली तर दुकानदार काय देईल आणि काय देणार नाही? एवढ्यावर निम्मे लोक आपलं आपण ठरवतात आणि मला हुशार समजून जातात.

हे प्रश्न माझे नाहीत. कारंजा घाडगेच्या गुलाबराव निंभोरकरांचे आहेत. सगळा तालुका त्यांना गुलाबभाऊ म्हणायचा. लग्नांची शूटिंग करायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचे प्रश्न आपले म्हणून वापरत राहणं मला बरोबर वाटत नाही, म्हणून हे लिहिते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी दुकान टाकलं. दोन व्हीसीआर, एक मिक्सर, एक टीव्ही आणि दारावर पडदा. तेव्हा गावोगावी शूटिंगवाले होते, पण कॅसेटची काटछाट, नावं टाकणं, गाणी भरणं, बदामाच्या आकारात नवरा-नवरीचं तोंड बसवणं ही कामं वर्ध्याला किंवा नागपूरला व्हायची. शूटिंगवाले सगळे पुरुष. दारात उभे राहून मला विचारायचे, "साहेब कुठे आहेत?" माझे साहेब पोस्टात नोकरीला. मी सांगायची, "साहेब पोस्टात आहेत. पाकीट टाकायचं आहे का?" काही हसायचे, काही पुढच्या दुकानात जायचे.

गुलाबभाऊ आले तेव्हा त्यांनी साहेबांची चौकशी केली नाही. उंच, वाळका माणूस. कॅमेऱ्याच्या वजनाने उजवा खांदा खाली आलेला. गळ्यात पांढरा दुपट्टा, त्यानेच घाम पुसायचा आणि त्यानेच लेन्स पुसायची. त्यांनी विचारलं, "मिक्सिंग कोन करते?"

"मी करते."

"मंग करा चालू."

आणि स्टुलावर बसले. पूर्ण कॅसेट होईपर्यंत उठले नाहीत. मध्ये मी चहा दिला. शेवटी उठून म्हणाले, "काम चांगलं हाय ताई. चहा पानचट हाय."

पुढच्या लग्नसराईत आष्टीचा एक शूटिंगवाला आला, मग तळेगावचा आला. दोघांनी सारखंच सांगितलं. गुलाबभाऊंनी पाठवलं होतं. निरोप असा होता, "वर्ध्याले एक ताई हाय, तिच्याकडेच जाजो. चहा तेवढा बाहेरून पिऊन जाजो." माझं दुकान उभं राहिलं ते या निरोपावर. हे मी तेव्हा त्यांना बोलून दाखवलं नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती.

शूटिंगवाला म्हणून गुलाबभाऊंत एक मोठा दोष होता. ते कॅमेरा बंद करायला विसरायचे. वरात संपली की कॅमेरा हाताला लोंबकळत राहायचा आणि हे गप्पा मारत गावातून फिरायचे. मग कॅसेटवर काय यायचं? लोकांचे पाय, भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या, नळावरच्या बाया, बकऱ्या. मी चिडायची.

"भाऊ, नवरीपेक्षा बकऱ्या जास्त आहेत यात."

"बकऱ्याच सजून आल्या असन, ताई. घ्या कापून."

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी मुद्दाम त्यांनाच बोलावलं. आमचं लग्न बौद्ध पद्धतीचं. वंदना सुरू झाली, सगळे हात जोडून उभे राहिले. गुलाबभाऊंनीही कॅमेरा पट्ट्यावर सोडला आणि हात जोडले. कॅमेरा अर्थातच चालू. बहिणीच्या लग्नाची वंदना आमच्याकडे आहे ती फक्त आवाजात. चित्रात सतरंजी आणि कुणाच्या तरी काकांच्या चपला. मी विचारलं, "भाऊ, तुम्ही शूटिंगला आला होता ना?"

"सारे हात जोडून उभे. मी एकटाच काऊन पाहुन्यासारखा पाहत राहू?"



दुसरी सवय अशी की ते कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड करत नसत. बाकीचे शूटिंगवाले मिक्सिंग झालं की मूळ कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायचे. धंद्याच्या दृष्टीने तेच बरोबर होतं आणि मी त्यांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "पेरल्या वावरात कोनी नांगर घालते का?" त्यांच्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत लोखंडी मांडणी होती. तिच्यावर गावागावाच्या कॅसेट, मध्ये मध्ये कडुनिंबाचा पाला. धान्याला किडा लागू नये म्हणून घालतात तसा.

वस्तू विकत घेताना मात्र हा माणूस विसरभोळा नसायचा. एकदा वर्ध्याच्या बाजारात चपला घ्यायला मी सोबत होते. त्यांनी चपला पायात घातल्या आणि दुकानाबाहेर पडून चालू लागले. दुकानदार मागून ओरडत आला. हे शांतपणे परत येऊन म्हणाले, "तुह्या दुकानात गालिचा हाय. मले गोट्यावर चालाचं हाय." ती चप्पल त्यांनी घेतली नाही. तिसऱ्या खेपेला दुसरीकडे घेतली आणि मग वर्षानुवर्षं वापरली. कुठलीही वस्तू असो, पहिल्या दिवशी घ्यायची नाही. हातात धरून बघायची. विक्रेत्याला प्रश्न विचारायचे आणि तो गुण सांगायला लागला की म्हणायचं, "गुन घरी गेल्यावर दिसतीनच. खोट सांग."

आता मुद्द्यावर येते.

कारंज्याच्या बाजूला पळसखेडी नावाचं गाव होतं. धरणाच्या पोटात जाणार म्हणून त्याचं नाव बरीच वर्षं यादीत होतं. यादीत नाव असलेल्या गावात लोक लग्नं करतच असतात, घरंही बांधतात. दोन हजार आठ-नऊच्या सुमारास ते खरंच उठलं. लोकांना माळावरच्या नव्या वस्तीत प्लॉट मिळाले. गुलाबभाऊंच्या आई, गिरजाबाई, मूळच्या पळसखेडीच्या. त्यांचं माहेर तिथलं. भाऊ-भावजय वारले होते, घर रिकामं होतं. घर पाडायच्या वेळी बाईंना कुणी नेलं नाही, कारण पाय चालत नव्हते. त्यामुळे त्या रोज मुलाला विचारायच्या, "पडलं का रे?" आणि हा माणूस रोज म्हणायचा, "अजून नाई." घर पडून महिना झाला होता.

त्या उन्हाळ्यात गुलाबभाऊ दुकानात आले आणि नेहमीच्या स्टुलावर बसले. म्हणाले, "ताई, पळसखेडीच्या जेवढ्या कॅसेट हायत तेवढ्या साऱ्या कम्प्युटरमंधी घ्याच्या. आईले तिचं गाव दाखवाचं हाय. म्हातारी म्हनते, डोये हायत तवर दाखव."

मी हिशेबी बाई. मी सांगितलं, मिक्स केलेल्या कॅसेटच घेऊ. त्या स्वच्छ आहेत, आटोपशीर आहेत, लहान डिस्कमध्ये बसतील.

"मिक्सिंगमंधी गाव कुठे हाय? ते तं तुमी कापलं."

खरं होतं. मी नवरा-नवरी ठेवले होते. गाव त्या मूळ कॅसेटमध्ये होतं, बकऱ्यांसकट. म्हणजे सगळ्या कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत घ्यायला हव्या होत्या, आणि त्यासाठी माझ्या कम्प्युटरमध्ये जागा नव्हती. मोठी डिस्क लागणार होती, तीही नेण्या-आणण्याजोगी. वर्ध्यात तेव्हा एवढ्या मोठ्या मिळत नव्हत्या. आम्ही नागपूरला गेलो.

सीताबर्डीच्या त्या दुकानदाराने आमच्यापुढे एक भला मोठा डबा ठेवला. टेबलावर उभा ठेवायचा, वेगळ्या अॅडॉप्टरवर चालणारा, हजार जीबीचा. "भाऊ, ये ले जाओ. पूरा गाँव समा जाएगा इसमें."

"गावच ठेवाचं हाय," गुलाबभाऊ म्हणाले. "लाइट गेली तं?"

"तो बंद हो जाएगा. इन्वर्टर लगा लो."

आमच्याकडे तेव्हा भारनियमन इतकं होतं की लाइट गेली असं कुणी म्हणत नसे, आली असं म्हणत. गुलाबभाऊंनी तो डबा हळूच बाजूला सरकवला. मग लहान डिस्क निघाल्या, तळहातावर मावतील अशा. लॅपटॉपलाच वायर लावायची, वेगळी लाइट नको. वायरीला लॅपटॉपकडून दोन तोंडं होती, कारण एका तोंडातून पुरेसा करंट मिळत नाही. त्यांनी एक डिस्क कानाला लावून तिचं फिरणं ऐकलं.

"पडला तं?"

"गिरना नहीं चाहिए, भाऊ."

"हे तं माही बायको लोनच्याच्या बरनीबद्दलबी सांगते. पडला तं काय होते ते सांग."

दुकानदाराने खरं सांगितलं. आत तबकडी फिरते, पडली की गेली. पण लगेच म्हणाला, वॉरंटी आहे, नवी देऊ.

"वॉरंटी डब्ब्याची हाय का आतल्या मालाची?"

"डेटा की वारंटी कोई नहीं देता."

"मंग नवा डब्बा घेऊन मी काय करू? पळसखेडी पुन्हा बसवू?"

दुकानदार हसला नाही. मला वाटतं त्याला तो माणूस आवडला होता. त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. मग गुलाबभाऊंनी सोबत आणलेल्या आपल्या लॅपटॉपमधली एक फाइल त्या डिस्कवर टाकून दाखव म्हटलं. ती जाईना. फाइल मोठी होती आणि डिस्क कंपनीतून येते तशी चार जीबीपेक्षा मोठी फाइल एका वेळी घेत नव्हती. मी दुकानदाराला सांगितलं की हिचं फॉरमॅट बदलून द्या. त्याने दिलं, फाइल गेली. घरी जाऊन हे कळलं असतं तर आम्ही डिस्कच खराब म्हणून परत बर्डी गाठली असती.

शेवटी त्यांनी निवड केली. हजार जीबीची एक घेण्याऐवजी पाचशेच्या दोन. दोन्ही वेगळ्या कंपन्यांच्या. दोन्हींत तेच भरायचं. मला हा खर्च अनावश्यक वाटला आणि मी तसं बोलले.

"ताई, एक माह्याकडे राहीन, एक तुमच्याकडे. एकाच घरी दोन ठेवले तं तो एकच झाला."

पुढचे दोन-अडीच महिने आम्ही कॅसेट चढवल्या. कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ लागतो, घाई करता येत नाही. कडुनिंबाने किडा लागला नव्हता, पण बुरशीला कडुनिंबाचं भय नसतं. जुन्या कॅसेटवर पांढरी बुरशी चढली होती. त्या व्हीसीआरमध्ये एकदाच चालायच्या, शेवटी शेवटी फीत चरचरायची आणि बाहेर काढताना तुटायची. गुलाबभाऊ तुटलेली कॅसेट दोन्ही हातांनी उचलून पिशवीत ठेवायचे. म्हणजे पळसखेडीचा जुना भाग आता त्या दोन डिस्कमध्येच होता, दुसरीकडे कुठेच नाही. गिरजाबाईंनी मुलाच्या डिस्कसाठी जुन्या लुगड्याची, आत कापूस भरलेली थैली शिवून दिली. मी सांगितलं, चालवताना बाहेर काढत जा, तापते. तेवढं त्यांनी पाळलं.

पळसखेडीच्या लोकांनी नव्या वस्तीत कोजागिरीला सगळ्यांना बोलवायचं ठरवलं. तिथेच पडदा लावायचा, म्हाताऱ्या आईलाही तिथेच न्यायचं. मी प्रोजेक्टर भाड्याने ठरवला.

आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"ताई, आईनं त्याले आंघोळ घातली."

"कोणाला?"

"डब्ब्याले."

झालं होतं असं. दसऱ्याला त्यांच्या घरी धंद्याच्या हत्यारांची पूजा. कॅमेरा, स्टँड, लाइट पाटावर मांडलेले. गुलाबभाऊ हार आणायला बाहेर गेले. गिरजाबाईंनी थैलीतून डिस्क काढली, कॅमेऱ्याच्याही पुढे ठेवली, तिच्यावर पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं, ओल्या झेंडूच्या फुलांनी झाकली आणि दिवसभर तशीच राहू दिली. गुलाबभाऊ परतले तेव्हा फुलांखाली त्यांना ती दिसलीच नाही. हळद वायरीच्या खाचेत जाऊन बसली होती. रात्री गुलाबभाऊंनी कपड्याने पुसून लॅपटॉपला लावली, तर नुसती टक टक.

"आई काय म्हणाल्या?"

"म्हने, ज्याच्यात गाव हाय त्याची नाई पूजा कराची तं कोनाची कराची?"

मी त्यांना पुन्हा लावून बघू नका म्हटलं. आमच्या घरी दसऱ्याला हत्यारांची पूजा नसते. आमच्यासाठी तो दिवस दीक्षाभूमीचा. आम्ही सगळे नागपूरला गेलो होतो आणि माझ्याकडची डिस्क कपाटात, साड्यांच्या मागे कोरडी पडलेली होती. असं मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. दोन महिन्यांत मी ती एकदाही लावून बघितली नव्हती.

गुलाबभाऊ पहिल्या एसटीने आले. मी शटर उघडत होते. ते स्टुलावर बसले नाहीत, उभेच राहिले. मी घरून आणलेली डिस्क काढली, वायरीची दोन्ही तोंडं कम्प्युटरला लावली. लहानसा निळा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. गुलाबभाऊ दुपट्ट्याचं टोक मुठीत धरून होते. मग स्क्रीनवर खिडकी उघडली आणि त्यात एकाखाली एक नावं आली, आम्हीच दिलेली. मी अगदी जुनी फाइल उघडली. मांडव दिसला, मग पाय, मग एक बकरी.

गुलाबभाऊ खाली बसले. दुपट्ट्याने घाम पुसून म्हणाले, "चहा सांगा ताई. बाहेरून."

चहा पिताना मी म्हटलं, "आमच्याकडे पूजा नाही म्हणून गाव वाचलं, हे आईला सांगू नका. वाईट वाटेल."

"तिनंच सांगतलं मले. म्हने, जा मॅडमकडे. त्याईच्या घरी कोनी हळद लावली नसन."

त्याच दिवशी त्यांनी तिसरी डिस्क आणायला नागपूर गाठलं. या वेळी प्रश्न विचारले नाहीत. पहिल्याच दुकानात, पहिल्याच दिवशी घेतली. इतक्या वर्षांत तेवढी एकच वस्तू त्यांनी तशी घेतल्याचं मला माहीत आहे.

कोजागिरीला मी प्रोजेक्टर घेऊन गेले. नवी वस्ती म्हणजे सरळ रस्ते, सारख्या भिंती आणि झाड एकही नाही. पोरींनी भुलाबाईची गाणी आटोपती घेतली. समाजमंदिराच्या भिंतीवर चादर ताणली होती. एक गोष्ट आमच्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती. पूर्ण चंद्र उगवल्यावर उघड्यावर चित्र फिकट दिसणार. तसंच झालं. पण कुणी तक्रार केली नाही. लोक जवळ सरकून बसले, एवढंच.

गिरजाबाईंना चारचौघांनी उचलून सगळ्यात पुढे खाटेवर बसवलं होतं. त्यांनी मला जवळ बोलावून माझ्या हातावरून हात फिरवला. 

चित्र सुरू झालं. कुठल्याशा वरातीचं होतं. वाजंत्री पुढे गेली आणि कॅमेरा, सवयीप्रमाणे, मागे राहिला. गावाची वेस दिसायला लागली. खाटेवरून आवाज आला, "थांबव रे."

गुलाबभाऊंनी चित्र थांबवलं. बाई बोलायला लागल्या. इथे ओटा होता, त्याच्यावर कोण बसायचं, कोणाची बैलजोडी इथून पाण्याला जायची. मागून एक म्हातारा म्हणाला, "तो ओटा डाव्या हाताले होता, गिरजे." बाई म्हणाल्या, "तू कवा वेशीवर आला होता रे, दिवसभर घरात लपून राह्यचा." सगळे हसले, आणि मग वादच सुरू झाला. ओटा कोणी बांधला, कोणाच्या बापाने दगड दिले, पायरी किती उंच होती. कुणालाच चित्र पुढे जायला नको होतं. दुधाचे पेले हातात तसेच राहिले.

मला वर्ध्याची शेवटची गाडी गाठायची होती. हमरस्त्यापर्यंत सोडायला एक जण मोटरसायकल घेऊन उभा होता. मी गुलाबभाऊंच्या जवळ गेले. ते लॅपटॉपपाशी जमिनीवर मांडी घालून बसले होते, बटणावर बोट ठेवून, आईच्या पाठीकडे बघत. मी म्हटलं, निघते. सगळं संपेपर्यंत थांबता येणार नाही. प्रोजेक्टर उद्या पाठवा.

त्यांनी बोट तिथेच ठेवलं आणि मान वर केली.

"तुमी निघा ताई," ते म्हणाले. "आई आता कुठे वेशीपाशी पोचली हाय. घरी जायाले तिले वेळ लागन."